कोरी पट्टी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी कुणी आजारी नाही, कुणी भांडलेलंही नाही. फोनवर तू ‘मी बरी आहे’ म्हणतेस आणि पुढच्याच क्षणी तुला कुणीतरी हाक मारतं. तुझ्या त्या एवढ्याशा खोलीत इतकी कोण माणसं राहतात कोण जाणे. त्यात घरून बोलायचं तर बाबा शेजारी बसलेले. त्यांचा खुबा गेला, गुडघे कुरकुरतात, पण कान असे शाबूत की मी आत साखरेचा डबा उघडला तरी बाहेरून विचारतात, पुन्हा चहा का? म्हणून हे पत्र गोदामावर, काट्याच्या खोलीत बसून लिहिते आहे. सध्या धान्याच्या गाड्या नाहीत. समोरचा वजनकाटा रिकामा पडलाय आणि त्यावर एक कबुतर सकाळपासून येरझाऱ्या घालतंय. त्याच्या वजनाने माझ्या पडद्यावरचा आकडा काही हलत नाही, पण मी सवयीने बघते आहे.

तर मुद्द्याचं बोलते. परवा तू म्हणालीस की महिनाअखेर राजीनामा पाठवते, शेतकरी गटाच्या सल्लागाराचं काम कायमचं सोडते आणि बियाण्यांची पाकिटं भरणाऱ्या त्या कारखान्याच्या कचेरीत रुजू होते. भाजी आणायला जाते म्हणावं इतक्या सहज सांगितलंस. मीही मोठी शहाणी, ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला, मग दिवसभर कशातच लक्ष लागेना. कचेरीतलं काम वाईट असतं असं मी म्हणत नाही. माझी स्वतःची उभी हयात खुर्चीवर बसून गेली आहे. पण तू सोडण्याचं कारण सांगितलंस ना, ‘आई, मला पीक बघता येत नाही’, ते मला गिळता आलं नाही. लहानपणी कुंडीतल्या रोपाचं पान मलूल झालं तर तू माझ्या आधी ओळखायचीस. शिकायला गेलीस तीही पिकांचे रोगच. ज्या पोरीचा सगळा जीव पानात, तिने असं म्हणावं म्हणजे सुताराने मला लाकूड कळत नाही म्हणण्यासारखं झालं. त्यावर मला काही सांगायचंय, आणि ते तू राजीनाम्यावर सही करायच्या आत सांगायचंय. पण माझी गाडी सरळ रस्त्याने कधी जाते? जरा धीर धर.

गेल्या वर्षी भर थंडीत सभागृहात तू पहिल्यांदा सगळ्या खोऱ्यासमोर उभी राहिलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी मागच्या रांगेत होते. तुझा आवाज थरथरत होता. तू सांगितलंस की गव्हाच्या करप्यावर चालणारी औषधं मोजकीच आहेत आणि त्यातलं सगळ्यात जुनं औषध खालच्या खोऱ्यात पाण्यासारखं झालंय, मारलं काय आणि न मारलं काय. औषध बिघडलेलं नाही, बुरशी निर्ढावली आहे. फवारलं की लेचीपेची मरते, एखादी चिवट निघते ती उरते, आणि पुन्हा तेच फवारलं की त्या चिवट बुरशीला रान मोकळं, मग शेतभर तिचीच पिल्लावळ. म्हणून गरज असेल तरच फवारा, फवाराल तेव्हा दोन निराळ्या गटांची औषधं मिसळून फवारा, मात्रा पुरी घ्या, अर्धीमुर्धी नको. इतकं सोपं करून सांगितलंस की मला, काट्यावरच्या बाईला, कळलं.

गटातले ते जुळे भाऊ तेव्हा छाती पुढे काढून उठले होते. आम्ही तर दर खेपेला औषध बदलतो म्हणाले, आधी पिवळा डबा, मग निळा, मग पांढरा. तू त्यांना तिन्ही डबे आणायला लावलेस आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावलीस. तिन्हींच्या आत एकाच गटाचं औषध. मग थोरला जुळा म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं तो चोर टोपी बदलून येत होता आणि आम्ही त्याला दार उघडत होतो. सगळे हसले, तूही हसलीस, आणि तिथून तुझा आवाज मोकळा झाला. निम्म्या सभागृहाने तीच चूक केली होती, हे त्या हसण्यावरूनच समजत होतं.

त्याच सभेत तू कोऱ्या पट्टीचं काढलंस. प्रत्येकाने आपल्या शेतात यंत्राच्या एका फेरीएवढी, म्हणजे एका चाकोरीची, पट्टी मुद्दाम न फवारता सोडायची. शेजारचं फवारलेलं पीक आणि ही कोरी पट्टी यांची तुलना केली की दोन गोष्टी कळतात, औषध चालतंय का, आणि मुळात रोग आलाय का. पट्टी करपली आणि बाकीचं शेत निरोगी राहिलं, तर रोग आहे आणि औषधही चालतंय. दोन्ही करपली, तर औषध गेलं. दोन्ही निरोगी, तर यंदा रोगच नाही, उगाच दुसरी फवारणी करू नका, औषध राखून ठेवा. मान सगळ्यांनी डोलावली. पण पट्ट्या सोडायची वेळ आली तेव्हा एकेकाला कामं आठवली. रस्त्यालगत रोगट पट्टी दिसली तर लोक काय म्हणतील, ही खरी अडचण. तू दारोदार फिरलीस. शेवटी पट्टी मिळाली ती एकच, आपल्याच शेतात, कारण आपल्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

आता बाबांकडे वळते. तुला ते ठाऊक आहेत, पण मी त्यांना तुझ्याही आधीपासून ओळखते. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते खोऱ्यातल्या सगळ्यांची फवारणी करून द्यायचे. मला बघायला आले तेव्हा माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोलले आणि माझ्या वडिलांशी तासभर फवाऱ्याच्या नोझलवर. माझी मावशी आत येऊन म्हणाली, मुलगा बरा आहे पण त्याचं लग्न आधीच एका यंत्राशी झालंय. खोटं नव्हतं ते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक पट्टी सुटली नाही, हा त्यांचा एकच अभिमान. दुसऱ्या कशाचा त्यांनी कधी तोरा मिरवला नाही. पण दुसऱ्याच्या शेतात सुटलेली पट्टी दिसली की ते गाडी थांबवून बघत राहायचे. कुणाचं तरी हसं होणार याचंच त्यांना वाईट वाटायचं.

आणि तुझं हसं होणार म्हटलं की मग विचारूच नको. तू शाळेत असताना अंगणाचं फाटक रंगवायचा हट्ट धरलास. हिरवा रंग निम्मा फाटकावर आणि निम्मा तुझ्या केसांत. दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर बाबा ब्रश घेऊन बसले आणि जिथे जिथे लाकूड उघडं राहिलं होतं तिथे तिथे हलक्या हाताने रंग फिरवला, तुझे ओघळ मात्र तसेच ठेवले, म्हणजे तुला संशय येऊ नये. तू पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, हे मी एकटीने रंगवलंय. बाबा तोंड उघडायचे नाहीत. हे तुला आज पहिल्यांदा कळतंय, माहीत आहे मला. तेव्हा मला मौज वाटली होती. आपला नवरा असा आहे याचं सुख वाटलं होतं, खरं सांगते.

गेल्या वर्षी फवारणीच्या तोंडावर त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी यंत्रावर चढायला साफ बंदी केली. तेव्हा तू म्हणालीस, मी चालवते. त्या सकाळी तू यंत्राचे पंख, दोन्ही बाजूंच्या त्या लांब नळ्या, उघडल्यास तेव्हा बाबा माडीवरच्या खिडकीत उशी पाठीला लावून बसले होते. मी चहा नेऊन दिला तो तसाच निवला. तू प्रत्येक वळणाला आलीस की त्यांचा उजवा हात आपोआप सुकाणू फिरवल्यासारखा हलायचा. चाकोरी धरली, चाकोरी धरली, असं पुटपुटत होते. मध्येच एकदा एकदम गप्प झाले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, पोरगी छान चालवते. नंतर तू खाली आलीस, चिखलाने माखलेली, आणि त्यांनी तुझ्या पाठीवर थाप दिली. तू पोरीसारखी लाजलीस. ते बघून मी आत निघून गेले, कारण मला रडू येत होतं आणि रडायला कारण काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांचा खुबा सुजला. तुला आठवत असेल. मी म्हटलं जिने चढउतार केले असतील, डॉक्टर म्हणाले ताण पडलाय, बाबा म्हणाले झोपेत पाय वळला असेल. पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं आणि घरी आणून खाट खालीच, मागच्या खोलीत टाकली तेव्हा गव्हाला शेवटचं पान फुटू लागलं होतं. ते तिथे असताना तू शेतात कोऱ्या पट्टीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्यास आणि त्यावर लाल फडकी बांधलीस. माझी काट्यावरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून काट्यावर अशी धावपळ चालली होती. शेतातलं काही त्यांच्या कानावर घालावं असं मला सुचलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

मग तू तपासणीला उतरलीस. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर होते, बांधावर उभी. तू भिंग घेऊन पट्टीत ओणवी झालीस, पानं तपासलीस, मग फवारलेल्या भागात गेलीस, मग पुन्हा पट्टीत. दुपार उलटली तरी तुझं चाललंच होतं. कंटाळून मी म्हटलंसुद्धा, अगं पानं मोजतेस की पाठ करतेस? तू वर बघून म्हणालीस, काहीच फरक नाही आई, पट्टीही तितकीच हिरवीगार आहे, यंदा करपाच नाही. केवढी खूश होतीस. संध्याकाळी सभागृहात तू सगळ्यांना सांगितलंस की दुसरी फवारणी नको. लोकांनी ऐकलं. जुळ्या भावांनीही ऐकलं, म्हणजे बघ. टेकडीवरच्या काकूने तर यंत्र धुऊन कोठीत लावूनही टाकलं, तुझ्या शब्दावर.

पुढचं लिहायला हात जड होतो, पण टाळूनही चालणार नाही. ओंब्या बाहेर पडल्या आणि पाऊस लागला तो हटेना. पहिल्या फवारणीने दबलेला करपा खालच्या पानांच्या आत, भिंगालाही दिसणार नाही असा, दबा धरून होताच. तो थेंबांबरोबर उड्या मारत वर चढला आणि शेवटचं पान, ज्याच्यावर दाण्याची सगळी भिस्त, तेच तपकिरी झालं. तू पानांचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवलेस, मनात असं असणार की औषधच निकामी झालंय असं उत्तर येईल आणि निदान काही अर्थ लागेल. उत्तर आलं की औषध अगदी व्यवस्थित चालतंय, ही बुरशी त्याने मरते. म्हणजे दुसरी फवारणी केली असती तर पीक वाचलं असतं. त्या दिवसापासून जेवताना समोरच्या ताटाकडे बघत बसायचीस, कुणीतरी वाढून ठेवलंय आणि ते काय आहे हे तुला ठाऊक नाही अशी.

कापणीनंतर सगळ्यांचा गहू माझ्याच काट्यावर आला. गाडीत नळी खुपसून नमुना काढते तो माझाच हात. एकेकाचा दाणा तळहातावर घेतला की कळायचं, पोचट, सुरकुतलेला, मूठभर घेतला तरी हाताला भार नाही. जुळे भाऊ खिडकीशी आले, पावती घेतली आणि आकडा न वाचताच खिशात घातली. काकूची गाडी आली तेव्हा मी आकडा सांगितला आणि मान खाली घातली. ती म्हणाली, हा आकडा पोरीला सांगू नकोस, तिने जे बघितलं तेच सांगितलं. मी आजपर्यंत सांगितला नाही आणि आजही सांगत नाही. सभेत मात्र इतरांनी तुला फाडून खाल्लं. भिंग लावून बघणारीला समोरचं दिसलं नाही, असं कुणीतरी म्हणालं. तू उभी राहून एवढंच म्हणालीस की माझ्या बघण्यात चूक झाली. त्या सभेला बाबा नव्हते, खुब्यामुळे. घरी येऊन मी त्यांना इतकंच सांगितलं की भिंगरीने दुसरी फवारणी नको म्हटलं होतं, पाऊस आला आणि लोक तिच्यावर चिडले. पट्टीचा विषय मी काढलाच नाही. ते म्हणाले, पाऊस काय तिच्या हातात होता? आणि तू शहरात गेलीस तेव्हा त्यांनी समजूत करून घेतली की पोरीला चिखलाचा कंटाळा आला असेल.

तुझ्या पाठीमागे इथे काय चाललंय तेही ऐकून ठेव. लोक घाबरले आहेत. यंदा कुणी काही बघणार नाही, कुणी भिंग लावणार नाही. जुळ्या भावांनी शेवटचं पान फुटायच्या आधीपासून ठरावीक दिवसांनी फवारायचा बेत केला आहे, सगळ्या फेऱ्यांना एकच औषध, जे अजून चालतंय तेच. बाकीचे त्यांच्या मागून जाणार. तू जे राखून ठेवायला सांगत होतीस ते दोनतीन हंगामांत खलास करतील आणि मग खालच्या खोऱ्यासारखे हात चोळत बसतील. मला यातलं फारसं कळत नाही, पण एवढं कळतं की हे त्यांना थांबवून सांगणारं इथे दुसरं कुणी नाही. काकू मला म्हणाली, ती येऊन पुन्हा बोलली तर मी पुन्हा ऐकेन. मी म्हटलं, ती येईल असं वाटत नाही. त्यावर ती हातातली किल्ली फिरवत राहिली.

आता या आठवड्याचं सांगते. यंत्र तपासायला मिस्त्री आला होता. बाबांना यंदा यंत्रावर बसायची परवानगी मिळाली आहे, त्यामुळे स्वारी खुशीत होती. दोघे कोठीत नोझल पुसत बसले होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी पोचले. मिस्त्रीने विचारलं, गेल्या साली पोरीने कसं चालवलं? बाबा हसले. म्हणाले, पहिल्यांदा बसली पण हात अगदी माझा, फक्त एक चाकोरी सोडून पुढच्या चाकोरीत वळली, तीही नेमकी रस्त्याकडेची, खोऱ्याने बघून हसावं अशी. मी खिडकीतून बघितलं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्यांच्या शेतावर गेली, ही काट्यावर गेली, मी काठी घेऊन खाली उतरलो आणि तेवढी पट्टी भरून काढली. दोन्ही औषधं मिसळली, मात्रा पुरी मोजून घेतली, ती सांगते तश्शी. तिला अजून पत्ता नाही. मिस्त्री म्हणाला, वा. माझ्या हातात ट्रे तसाच राहिला. आत जाऊन मी चहा दिला, साखर विसरले होते ती आणली, आणि मग घरामागे जाऊन पायरीवर बसले.

तर भिंगरी, तुझा डोळा चुकला नव्हता. पट्टी आणि शेत सारखंच दिसत होतं, कारण ती पट्टी कोरी राहिलीच नव्हती; राहिली असती तर करपली असती. तू जे बघितलंस ते अगदी बरोबर बघितलंस. राजीनामा लिहून ठेवला असशील तर तो फाड, यासाठी हे पत्र. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. कोरा तुकडा ठेवायचं तू जेवताना म्हणाली होतीस, ते त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांच्या काळी असले प्रयोग मागे झाडांपाशी, कुणाला दिसणार नाहीत अशा जागी व्हायचे. रस्त्याकडेला कुणी आपण होऊन पट्टी सोडेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. तीन वेळा माझ्या जिभेवर आलं आणि तीन वेळा त्यांच्या तोंडाकडे बघून गिळलं. मग माझ्या लक्षात आलं की हे सांगायचं की झाकायचं, हे ठरवणारी मी कोण? नाव तुझं गेलंय. सभागृहात उभं राहून सगळ्यांना सांगायचं असेल तर सांग, तुला तो हक्क आहे, आणि मी पहिल्या रांगेत बसेन. बाबांना आधी सांगायचं असेल तर त्यांच्याजवळ मी असेन. कुणालाच न सांगता नुसतं कामाला लागायचं असेल तर मीही जन्मभर तोंड उघडणार नाही. तुला त्यांचा राग येईल, यायलाच हवा, मलाही आला. टाके सुकलेले नसताना तो माणूस तुझ्यासाठी त्या यंत्रावर चढला आणि ज्यांचा गहू गेला त्यांचा गहू त्यामुळे गेला, या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एका वेळी मावत नाहीत. तुझ्याही मावणार नाहीत. पण त्या परक्या खोलीत एकटीने बसून रागावू नकोस. रागवायचं ते घरी येऊन रागाव.

तुझीच,
आई